शेजाऱ्याचे शिष्यत्व

केंद्र सरकारच्या ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ या उपक्रमाची घोषणा २०१५ च्या ऑक्टोबर महिन्यात झाली आणि पुढे त्यात राज्याराज्यांच्या जोड्या लावल्या गेल्या. महाराष्ट्राच्या वाट्याला ओडिशा आले, तर कर्नाटकाची जोडी उत्तराखंडाशी जुळवली गेली. जोडीदार राज्याचे एखादे नृत्य बसवावे, तिथल्या पदार्थांची ओळख करून घ्यावी, तिथल्या भाषेतली थोडी वाक्ये म्हणायला शिकावे, असे या उपक्रमाचे शाळांमधले सर्वसाधारण स्वरूप आहे. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही आणि मुलांना त्यात मजा येते हेही खरे आहे. मात्र ओडिशाशी आपले नाते केवळ या जोडीपुरते नाही. नागपूरकर भोसल्यांचा अंमल त्या प्रदेशावर १७५१ पासून १८०३ पर्यंत होता. त्या अर्धशतकाची आठवण तिथे आज कशी सांगितली जाते, हा प्रश्न एखाद्या नववीच्या वर्गाने कटकच्या वर्गाला पत्र लिहून विचारला असता, तर दोन्ही बाजूंना काही शिकायला मिळाले असते, कदाचित थोडे अवघडल्यासारखेही झाले असते. नृत्य बसवण्यात असा अवघडलेपणा येत नाही, आणि माझ्या मते या पद्धतीतली उणीव नेमकी तिथेच आहे.

परक्या संस्कृतीची ओळख करून घेण्याचे आपले बहुतेक प्रचलित मार्ग प्रेक्षकाचे आहेत. महोत्सव, खाद्यमेळा, सहल, पोशाख स्पर्धा या सगळ्यांत समोरचा माणूस काहीतरी सादर करतो आणि आपण ते पाहून, चाखून, टाळ्या वाजवून घरी जातो. आपल्या सवयींना त्यात धक्का लागत नाही, आपले अज्ञान उघडे पडत नाही आणि कोणापुढे मान वाकवावी लागत नाही. याउलट भाषा, गाणे, हातातली एखादी कारागिरी किंवा उपासनेची एखादी रीत शिकायला बसलेला माणूस काही काळ तरी समोरच्याच्या नियमांत राहतो, चुकतो, त्याच्याकडून दुरुस्त करून घेतो. दुसऱ्या संस्कृतीविषयी खरा आदर निर्माण होतो तो या दुसऱ्या वाटेने, आणि ही वाट दूरच्या जोडीदारापेक्षा शेजाऱ्याच्या दारातून अधिक सहज जाते, असे माझे म्हणणे आहे.

खाण्यापिण्यातून माणसे जवळ येतात, या समजुतीची परीक्षा मुंबईने एकदा पुरती घेतलेली आहे. उडप्यांची हॉटेले या शहरात स्वातंत्र्यापूर्वीपासून चालत आली. इडली, डोसा आणि फिल्टर कॉफी गिरगाव-दादरच्या मध्यमवर्गाच्या जिभेवर केव्हाच रुळली होती. तरीही १९६६ मध्ये शिवसेनेची स्थापना झाल्यानंतरच्या वर्षांत दाक्षिणात्यांविरुद्ध मोहीम उभी राहिली, तेव्हा याच हॉटेलांवर दगड पडले. ज्यांच्या हातचे रोज खाल्ले त्यांची भाषा तुळू आहे की कन्नड, त्यांचे गाव कुठले, ते घरदार सोडून पोटासाठी इथवर का आले, हे विचारण्याची गरज गिऱ्हाइकाला कधी वाटली नव्हती. त्या मोहिमेमागे नोकऱ्यांचे खरे प्रश्न होते आणि तिचे सगळे खापर सांस्कृतिक अज्ञानावर फोडणे चुकीचे ठरेल. पण डोशाची आवड तिला तसूभरही आवरू शकली नाही, एवढे मान्य करायला हरकत नसावी.

शिष्यत्वाची वाट कशी असते हे पाहायचे तर मिरजेला जावे. उत्तर प्रदेशातल्या कैराना गावी १८७२ साली जन्मलेले अब्दुल करीम खाँ महाराष्ट्रात आले आणि मिरजेत स्थायिक झाले. त्यांच्या गाण्याला किराणा घराणे हे नाव त्या गावावरून मिळाले खरे, पण ते घराणे वाढले कृष्णेपासून तुंगभद्रेपर्यंतच्या मुलखात. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी श्रुतींचा, म्हणजे स्वरांमधल्या सूक्ष्म अंतरांचा, अभ्यास मांडला, तेव्हा खाँसाहेबांचा गळा त्यांच्या मोजमापांच्या उपयोगी पडला. एक संस्कृतज्ञ निवृत्त सरकारी अधिकारी आणि एक पिढीजात गवई एकाच स्वराची लांबीरुंदी तपासत बसले आहेत, हे चित्र आपल्या सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या भाषणांत फारसे येत नाही. मात्र त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. म्हैसूर दरबारी जाणे-येणे सुरू झाल्यावर खाँसाहेबांनी कर्नाटक संगीत केवळ ऐकले नाही, ते त्याचे विद्यार्थी झाले. हिंदुस्थानी पद्धतीत स्वतःचे नाव झालेले असताना, ज्या वयात गवई सहसा शिष्य जमवतो त्या वयात, त्यांनी त्यागराजांची तेलुगू कृती शिकून ती ध्वनिमुद्रित केली, आणि त्यांच्या गायनातल्या सरगमची ढब कर्नाटक पद्धतीच्या संस्काराने घडली असे जाणकार मानतात. १९३७ साली पाँडिचेरीच्या वाटेवर, सिंगपेरुमाळ कोविल या लहानशा रेल्वे स्टेशनावर त्यांचा अंत झाला. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि दरवर्षी उरुसाच्या वेळी तिथे गवई हजेरी लावतात.

या म्हैसूरच्या प्रवासात खाँसाहेबांचा मुक्काम धारवाडला पडत असे, आणि तिथे ते अंबाबाईंचे गाणे ऐकत. अंबाबाई म्हणजे गंगूबाई हनगलांच्या आई. त्या कर्नाटक पद्धतीच्या गायिका होत्या. खाँसाहेबांसारखा गवई आपले गाणे मन लावून ऐकतो याचे त्यांना किती अप्रूप वाटत असे, ते गंगूबाईंनी पुढे अनेकदा सांगितले आहे. मुलीचा ओढा हिंदुस्थानी संगीताकडे आहे हे दिसल्यावर अंबाबाईंनी स्वतःचे कर्नाटक गायन थांबवले, कारण घरात सतत कानांवर पडणाऱ्या त्या गाण्याची छाया मुलीच्या आवाजावर पडू नये, असे त्यांना वाटले. गंगूबाई पुढे हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला जाऊन खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे शिकल्या आणि भारतभर गाजल्या. ‘संस्कृतींचा संगम’ हे शब्द आपण ज्या सहजतेने वापरतो, त्यांच्या मागे कुणीतरी आपले गाणे मिटवून ठेवलेले असते, याची जाणीव ठेवणे हाही रसिकतेचाच भाग आहे. अंबाबाईंच्या त्या निर्णयाचे कौतुक करावे की हळहळ वाटावी, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

मिरजेतच या देवाणघेवाणीची एक मूर्त बाजू पाहायला मिळते. इथल्या तंतुवाद्य कारागिरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तलवारींची मागणी सरत गेली आणि ते हात सतार-तंबोऱ्याकडे वळले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याचा कडू भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भागातून येतो. तो वाळवून, कापून, आतून साफ करून त्यावर लाकडी तबकडी बसवली जाते, दांडी जोडली जाते, आणि सगळे झाल्यावर खरे काम उरते ते जवारी काढण्याचे, म्हणजे तारेचा नाद खुलवण्याचे. तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा कारागीर कानशीने अगदी थोडा थोडा घासतो, तार छेडतो, कान देतो, पुन्हा घासतो. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवत नेतो, आणि एका विशिष्ट जागी तो आला की मघापर्यंत ठोकळ वाटणारा आवाज एकदम फुलून भरभरून वाहू लागतो. तंजावरकडचा तंबोरा याहून वेगळा असतो, कारण त्याचे पोट भोपळ्याचे नसून फणसाच्या लाकडाचे असते. दोहोंतला फरक माहितीफलकावर वाचून कळत नाही. दोन्ही वाद्ये मांडीशी घेऊन काही दिवस त्यांच्यासोबत गाणाऱ्यालाच तो कळतो.

आता या कहाणीतली आपल्याला गैरसोयीची बाजू पाहावी लागेल. सवाई गंधर्व कुंदगोळचे, गंगूबाई धारवाड-हुबळीच्या, भीमसेन जोशी गदगकडचे, मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडजवळचे. हे सगळे कन्नड मुलखातले कलावंत. सवाई गंधर्वांनी मराठी संगीत रंगभूमी गाजवली. मन्सूर मिरजेत नीळकंठबुवांकडे आणि पुढे अल्लादिया खाँसाहेबांच्या मुलांकडे, मंजी खाँ व भूर्जी खाँ यांच्याकडे शिकले. भीमसेनांनी १९५३ पासून गुरू सवाई गंधर्वांच्या पुण्यतिथीनिमित्त पुण्यात संगीत महोत्सव भरवला आणि तुकोबांचे अभंग घरोघरी पोहोचवले. त्या सर्वांनी मराठी शिकून घेतली, मराठी उच्चार घोटले, मराठी श्रोत्यांची नस ओळखली. आणि आपण? आपण उत्तम श्रोते होतो, हे कबूल. पण ज्या भीमसेनांनी संतवाणीसोबत कन्नड दासवाणीही, म्हणजे कन्नड हरिदास संतांची पदेही, तितक्याच निष्ठेने गायली, त्या दासवाणीतल्या पुरंदरदासांचे किंवा कनकदासांचे एखादे पद किती मराठी रसिकांना अर्थासह ठाऊक आहे? पुरंदरदासांच्या प्रत्येक पदाच्या शेवटी विठ्ठलाचे नाव येते, म्हणजे दैवतही परके नाही. तरीही आपण शिकायला गेलो नाही, कारण शिकून येणारे आपल्या दारी येत होते. मराठी माणूस या व्यवहारात कायम यजमान राहिला आणि यजमानपदालाच तो आपले औदार्य समजत आला.

या एकतर्फीपणाला अपवाद आहेत, आणि ते फार मोलाचे आहेत. उमा कुलकर्णींनी कन्नड कादंबरी मराठी वाचकाच्या घरात आणून बसवली. एस. एल. भैरप्पा आज अनेक मराठी वाचकांना आपलेच लेखक वाटतात, ते त्यांच्यामुळे. कन्नड लिपी वाचण्याची सवय नसताना पती विरुपाक्ष कुलकर्णींनी वाचून दाखवलेला मजकूर कानांनी पिऊन त्यांनी हे काम उभे केले. भाषा शिकण्यासाठी विद्यापीठाची पदवी, प्रयोगशाळा किंवा परदेशी शिष्यवृत्ती असावीच लागते असे नाही. घरातले एक माणूस वाचते आहे आणि दुसरे लक्षपूर्वक ऐकते आहे, एवढ्या भांडवलावर एका भाषेचा मोठा ऐवज दुसऱ्या भाषेत आला. मात्र एका अनुवादकाच्या कष्टांवर सगळ्या समाजाने आपली जबाबदारी संपली असे मानावे, हे काही बरे नव्हे.

‘दुसरी संस्कृती’ म्हटले की आपली नजर राज्याच्या किंवा देशाच्या सीमेपलीकडे जाते, तेही तपासून पाहायला हवे. पुणे-मुंबईच्या वाचकाला धनगरांच्या ओव्या, बिरोबाची आणि खंडोबाची उपासना, मेंढरांमागचे स्थलांतर यांविषयी जे गंभीर लेखन उपलब्ध झाले, त्याचा मोठा वाटा गुंथर सोंथायमर या जर्मन अभ्यासकाचा आहे. १९९२ साली निधन होईपर्यंत ते वर्षानुवर्षे महाराष्ट्रात येत राहिले, धनगरांच्या वाड्यांवर आणि जत्रांत बसले, ओव्या ध्वनिमुद्रित करून लिहून काढल्या. फ्रान्समधून येऊन भारतीय झालेले गी पॉइटवँ आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्यांचा जो संग्रह उभा केला, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. आपल्याच आज्यांनी पहाटेच्या अंधारात रचलेले हे वाङ्मय मोजायला आणि जपायला आपल्यापैकी फारच थोडे पुढे आले. या दोन्ही कामांची पद्धत पाहिली तर एक गोष्ट ठळक दिसते, ती ही की ओवी गाणारी बाई किंवा धनगर तिथे ‘नमुना’ म्हणून उभे केलेले नव्हते. ओवीचा अर्थ सांगण्याचा पहिला अधिकार गाणारीचा मानला गेला आणि अभ्यासक तिच्यापुढे शिकाऊ म्हणून बसले. शहरातल्या शाळेला ओडिशाइतकेच हे जातेही दूरचे आहे, आणि मधले अंतर बसच्या तिकिटाचे आहे.

शिकण्याच्या या आग्रहाला दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की ज्ञानातून आदरच निपजतो याची हमी नाही. गोव्यात १५७९ मध्ये आलेले इंग्रज जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांनी मराठी इतकी आत्मसात केली की १६१६ साली छापलेले त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ ओवीच्या सौष्ठवासाठी आजही वाचले जाते आणि मराठीची त्यांनी गायलेली थोरवी शाळेत पाठ करून घेतली जाते. पण ज्या साष्टीत त्यांनी हयात घालवली तिथली देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती, आणि हे पुराण धर्मांतरितांच्या हातातून जुन्या पोथ्या गेल्यावर निर्माण झालेली पोकळी भरण्यासाठी रचले गेले. मोल्सवर्थचा १८३१ चा मराठी-इंग्रजी शब्दकोशही कंपनी सरकारच्या कारभाराच्या गरजेतून आला. तो इतका कसून केलेला आहे की आजही जुना मराठी मजकूर वाचणाऱ्याचे त्यावाचून चालत नाही, ही गोष्ट वेगळी. यावरून शिकणेच संशयास्पद ठरत नाही, पण कोण कशासाठी शिकतो आणि शिकताना कोणाच्या हातात सत्ता आहे, हे प्रश्न सोडून देता येत नाहीत. स्टीफन्सची भाषाभक्ती खरी होती असे मला वाटते. तिच्या आजूबाजूला जे घडत होते तेही तितकेच खरे होते, आणि एकाने दुसऱ्यावर पांघरूण घालू नये.

दुसरा आक्षेप असा की आदर म्हटला की टीका बंद होते. सौंदत्तीच्या यल्लम्माचे उदाहरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. डोंगरावरच्या या देवीला कोल्हापूर-सांगलीकडून लाखो माणसे जातात, चौंडके वाजते, भंडारा उधळला जातो, आणि भाषेची सीमा तिथे कोणाला आठवत नाही. त्याच देवीच्या नावाने मुली सोडण्याची प्रथाही पिढ्यानपिढ्या चालली. तिच्याविरुद्ध गडहिंग्लज-निपाणीच्या पट्ट्यात चळवळ उभी राहिली, कर्नाटकात १९८२ चा आणि महाराष्ट्रात २००५ चा कायदा झाला. दूरच्या वर्तमानपत्री धिक्काराने ही चळवळ उभी राहिली नव्हती. देवदासी स्त्रियांचे घर, त्यांची गाणी, त्यांची भक्ती आणि त्यांची उपासमार हे सगळे एकत्र ओळखणाऱ्या आणि मराठी-कन्नड दोन्ही बोलणाऱ्या माणसांनी, आणि स्वतः त्या स्त्रियांनी ती चालवली. संस्कृतीला मखरात बसवून तिच्याकडे बोट दाखवायचेच नाही, हा आदर नव्हे, ती उदासीनता आहे. पण काय बदलायला हवे आणि काय टिकायला हवे हे ज्याला वेगळे करता येते, त्यानेच तिथे तोंड उघडावे, आणि ते वेगळे करता येण्यासाठी आधी बसून शिकावे लागते.

मग व्यवहारात काय करावे? २०२५ मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदीच्या प्रश्नावर मोठे वादळ झाले. १६ एप्रिलचा शासननिर्णय, त्यावरील विरोध, १७ जूनची दुरुस्ती आणि २९ जूनला सगळेच मागे घेणे, हा घटनाक्रम ताजा आहे. पहिलीच्या मुलावर तिसरी भाषा लादू नये हे म्हणणे मला पटते. पण त्या सगळ्या गदारोळात वरच्या वर्गांत स्वेच्छेने शेजारची भाषा शिकण्याची सोय का नसावी, हा प्रश्न जवळजवळ कोणी विचारला नाही. जूनच्या दुरुस्तीत हिंदीखेरीज दुसरी भारतीय भाषा घेण्याची मुभा होती, मात्र त्यासाठी वर्गात किमान वीस विद्यार्थी हवेत अशी अट होती. लहान गावातल्या शाळेला एका वर्गात वीस मुले हीच अनेकदा चैनीची गोष्ट असते, त्यामुळे ही मुभा कागदावरच राहिली असती.

वास्तविक महाराष्ट्राजवळ यासाठी लागणारी सामग्री आधीच आहे. बालभारती मराठीखेरीज कन्नड, तेलुगू, गुजराती, उर्दू, सिंधी अशा भाषांतूनही पाठ्यपुस्तके काढते. सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात आणि सोलापूरच्या अक्कलकोट तालुक्यात जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळा चालतात. सोलापूर शहरात विणकर पद्मशाली समाजामुळे तेलुगू घराघरांत बोलली जाते. म्हणजे पुस्तके आहेत, शिक्षक आहेत आणि बोलणारी माणसे तर गल्लीतच आहेत. जत तालुक्यातल्या मराठी शाळेतल्या सातवी-आठवीच्या मुलांना कन्नड शाळेच्या शिक्षकाने आठवड्यातून तीन तास कन्नड शिकवावी आणि मराठीच्या शिक्षकाने तिकडे जावे, याला नवी नोकरभरती लागत नाही. लागते ती दोन मुख्याध्यापकांची संमती, त्या तासांना मान देणारे वेळापत्रक आणि गुणपत्रिकेत त्या विषयाला एक ओळ. परीक्षेत नसलेला विषय आपल्याकडे कोणी मनावर घेत नाही, त्यामुळे ती शेवटची ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

सक्ती मात्र कुठेही नको, आणि हे सांगताना बेळगावचा अनुभव डोळ्यांसमोर ठेवला पाहिजे. तिथल्या मराठी माणसाला कन्नड उत्तम येते. कार्यालयातले अर्ज, पाट्या, सातबाराचे उतारे त्या भाषेत असल्याने ती त्याला शिकावीच लागली. पण दबावाखाली आलेल्या त्या भाषेने बेळगावात दोन समाजांतले अंतर कमी केले असे कोणी म्हणणार नाही. म्हणून जत-अक्कलकोटला कन्नड हा ऐच्छिक विषय असावा. महाराष्ट्राने तो आपल्या बाजूने आधी सुरू करावा आणि कर्नाटकाने मराठीसाठी तसेच करावे ही मागणी मग ताठ मानेने करावी. यामुळे सीमाप्रश्नावरची आपली बाजू लंगडी पडेल, अशी भीती काही जण बोलून दाखवतील. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि तो तिथे गावांतली भाषिक लोकसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा या मुद्द्यांवर चालेल. जतच्या मुलीने पुरंदरदासांचे पद मूळ भाषेत वाचले, यावर त्याचा निकाल ठरणार नाही.